‘नाद लागणे’ आणि ‘नादी लागणे’ : ‘लाग’ धातूचे प्रयोग व इंग्रजी ‘गेट’

१

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’वरील प्रश्नांची उत्तरे तपासताना सुधाकराच्या अधःपाताविषयी तीन वाक्ये हमखास वाचावयास मिळतात : ‘सुधाकराला दारूचा नाद लागला’, ‘सुधाकर दारूच्या नादी लागला’ आणि ‘तळीरामाने सुधाकराला दारूच्या नादी लावले’. पुष्कळदा एकाच उत्तरात ही तिन्ही वाक्ये परस्परांच्या जागी वापरलेली असतात. लिहिणाऱ्याला त्यांत विसंगती जाणवलेली नसते, आणि तपासणाऱ्यालाही बहुधा जाणवत नाही. वस्तुतः या शोकांतिकेतील दोष कोणाकडे जातो, या प्रश्नाची ही तीन भिन्न उत्तरे आहेत. पहिल्या वाक्यात दारू सुधाकराला येऊन चिकटते. दुसऱ्यात सुधाकर दारूला जाऊन चिकटतो. तिसऱ्यात एक माणूस दुसऱ्याला तिच्याशी नेऊन चिकटवतो. धातू एकच, नामही एकच. बदलली आहे ती केवळ विभक्ती, आणि तिसऱ्या वाक्यात प्रयोजक रूप. एवढ्याशा बदलाने कर्तेपणाचा आणि पर्यायाने जबाबदारीचा भार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कसा सरकतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या विचाराला इंग्रजीच्या अध्यापनाचीही एक बाजू आहे. एकच क्रियापद घेऊन त्यापुढे ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘ओव्हर’ अशी अव्यये जोडून होणारी फ्रेजल व्हर्ब्ज आपल्या विद्यार्थ्यांना जड जातात. ‘मराठीत असले काही नाही’ असे त्याचे कारण सांगितले जाते. हे कारण अर्धेच खरे आहे. मराठीत क्रियापदामागून अव्यय येत नाही, हे मान्य; पण एका क्रियापदाभोवती परस्परांहून दूर गेलेल्या अर्थांचे मोहोळ जमणे हा प्रकार मराठीला अजिबात नवा नाही. ‘लागणे’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२

भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, दृष्ट लागते. निकाल लागतो, नोकरी लागते, चित्रपट लागतो, ग्रहण लागते. झाडाला फळ लागते, लाकडाला वाळवी लागते, विहिरीला पाणी लागते. अर्थ लागतो, पत्ता लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात. भाजी खारट लागते. अमुक माणूस आपला मामा लागतो. आणि शेवटी मांडवात लग्नही लागते. या शेवटच्या वाक्यात नाम आणि क्रियापद दोन्ही एकाच मुळातून आलेली आहेत. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे. त्याचे भूतकालवाचक विशेषण ‘लग्न’ म्हणजे चिकटलेला, जोडलेला. प्राकृतात ‘लग्ग’, आणि तेथून मराठी ‘लाग’. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द आणि प्राकृतातून झिजत आलेला शब्द मंगलाष्टकांच्या शेवटी पुन्हा एकत्र येतात.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती मुंबईत छापली गेली. या कोशाची एक शिस्त आजच्या अभ्यासकानेही लक्षात घेण्याजोगी आहे : नामाच्या नोंदीतच त्या नामाबरोबर कोणकोणती क्रियापदे येतात, ते सांगितलेले असते. परक्या माणसाला भाषा वापरता यावी यासाठी केलेली ही सोय होती. पण त्यातून एक भाषिक तथ्य नोंदले गेले. ‘तहान’ या शब्दाचे ज्ञान म्हणजे केवळ त्याच्या अर्थाचे ज्ञान नव्हे, तर ती ‘लागते’, ‘येत’ नाही, याचेही ज्ञान होय. पुढे पुण्यातूनच दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२-३८) व नंतर ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय-कोश’ सिद्ध झाला आणि वाक्प्रचारांची फार मोठी सामग्री अभ्यासकांच्या हाती आली.

कोशांनी सामग्री जमवली. व्याकरणांनी मात्र ‘लागणे’ची दोन शकले केली. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’नंतर (१९११) शालेय व्याकरणांत जी मांडणी रूढ झाली, तीत धातुसाधित व सहायक क्रियापद मिळून संयुक्त क्रियापद होते. म्हणून ‘मुलगा वाचू लागला’ हा व्याकरणाचा विषय ठरला. ‘मुलाला वाचनाचा नाद लागला’ हा मात्र वाक्प्रचार. त्याची रवानगी पुस्तकाच्या शेवटच्या यादीत. तेथे ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ एवढाच त्याचा उपयोग. जे नियमात बसते ते व्याकरण आणि जे पाठ करावयाचे तो वाक्प्रचार, अशी ही वाटणी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘लागणे’च्या बाबतीत ती दिशाभूल करणारी आहे, कारण दोन्ही शकलांना एकच नियम लागू पडतो.

३

तो नियम असा सांगता येईल : ‘लागणे’च्या वाक्यात जे पद प्रथमेत असते ते सरकते, आणि जे पद ‘-ला’, ‘-स’ किंवा सप्तमीचा ‘-ई’ हा प्रत्यय घेते त्याला ते जाऊन चिकटते.

पुणे-मुंबई प्रवासातील दोन वाक्ये घेऊ. ‘गाडी फलाटाला लागली’ आणि ‘मला घाटात गाडी लागते’. पहिले वाक्य हमालाचे, दुसरे मळमळणाऱ्या प्रवाशाचे. अर्थांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे कोणीही म्हणेल. रचना मात्र तंतोतंत तीच आहे. दोन्हीकडे ‘गाडी’ प्रथमेत आहे. एकीकडे फलाटाला ‘-ला’ आहे, दुसरीकडे ‘मी’ला. खंडाळ्याच्या घाटात प्रवाशाची अवस्था फलाटासारखीच असते. तो जागच्या जागी असतो आणि गाडी येऊन त्याला लागते.

‘मला तहान लागली’ हे वाक्य याच साच्यातले. दक्षिण आशियाई भाषांतील अशा वाक्यांवर गेल्या अर्धशतकात बरेच लिहिले गेले आहे. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या ग्रंथात हा विशेष भारतीय भाषाक्षेत्राच्या लक्षणांत गणला. मनिंद्र वर्मा व के. पी. मोहनन यांनी १९९० साली संपादित केलेला संग्रह तर सर्वस्वी याच विषयाला वाहिलेला आहे. या अभ्यासांत ‘मला’सारख्या पदाला अनुभवकर्ता मानून त्याच्या अंगी कर्त्याचे कोणते गुण आहेत, याची चर्चा असते. ती उपयुक्त आहे. परंतु ‘मला’ हा कर्ता आहे की नाही, या वादात एक साधी गोष्ट नजरेआड होते : ‘मला तहान लागली’मधील ‘-ला’ आणि ‘मी कामाला लागलो’मधील ‘-ला’ एकच काम करीत आहेत. पहिल्या वाक्यात माणूस चिकटण्याची जागा आहे. दुसऱ्या वाक्यात काम ही चिकटण्याची जागा आहे आणि माणूस स्वतः सरकला आहे.

माणूस सरकतो तेव्हा त्याला हुकूम देता येतो. ‘कामाला लाग’, ‘वाटेला लाग’, ‘त्याच्या नादी लागू नकोस’, ‘मोठ्यांच्या तोंडी लागू नये’ ही वाक्ये घरोघर ऐकू येतात. उलट ‘तहान लाग’ असे कोणी म्हणत नाही. ‘तू नाद लागू नकोस’ हे वाक्यच नव्हे; फार तर ‘नाद लावून घेऊ नकोस’ असे म्हणावे लागते, आणि ‘लावून घेणे’ आणताच माणूस पुन्हा करणारा होतो. ‘मुद्दाम’ हे क्रियाविशेषण घालून पाहिले तरी हाच निवाडा मिळतो. ‘तो मुद्दाम त्यांच्या मागे लागला’ हे चालते. ‘त्याला मुद्दाम ठेच लागली’ हे चालत नाही. ज्या वाक्याला आज्ञार्थ आणि ‘मुद्दाम’ मानवतात, त्या वाक्यातील माणसाला जाब विचारता येतो.

४

शरीराच्या अवयवांवर बेतलेल्या प्रयोगांत हा भेद सर्वांत सूक्ष्म होतो, म्हणून तेथे जरा थांबले पाहिजे.

‘हात’ घ्या. ‘त्याचा हात लागला आणि बरणी फुटली’ येथे हात सरकतो. हाताचा धनी षष्ठीच्या आडोशाला उभा आहे, आणि म्हणूनच हे वाक्य थोडेसे बचावाचे आहे. ‘जुने दप्तर हाती लागले’ येथे दप्तर सरकते आणि हात ही जागा आहे. शोधणाऱ्याने कितीही खटपट केलेली असो, श्रेय दप्तराच्या येण्याला जाते. ‘अंधारात किल्ली हाताला लागली’ येथे प्राप्ती नाही, नुसता स्पर्श आहे. सप्तमीचा ‘-ई’ आणि ‘-ला’ यांच्या अर्थांत मराठीने केलेली ही वाटणी पाहण्यासारखी आहे : हाती लागलेली वस्तू आपली होते, हाताला लागलेली वस्तू केवळ जाणवते. ‘अन्न अंगी लागणे’ आणि ‘चिखल अंगाला लागणे’ यांतही तीच वाटणी आहे. जे अंगी लागते ते मुरते, जे अंगाला लागते ते धुता येते.

‘तोंडा’चे प्रकरण याहून रंगतदार आहे. ‘भांडणाला तोंड लागले’ येथे तोंड भांडणाला येऊन चिकटते आणि भांडण सुरू होते. ‘वाघाच्या तोंडाला रक्त लागले’ येथे तोंड ही जागा होते. ‘तो वडिलांच्या तोंडी लागला’ येथे माणूस सरकतो आणि उद्धट ठरतो. ‘डोळा’ शब्दात विभक्ती तीच राहून वचन बदलते, तरी अर्थ उलटतो : डोळा लागला म्हणजे झोप आली, डोळे लागले म्हणजे वाट पाहणे आले. एक डोळा लागला की माणूस निजतो आणि दोन्ही लागले की जागा राहतो, असे विद्यार्थ्यांना सांगितले म्हणजे ते सहसा विसरत नाहीत.

‘पाय लागला’ हा प्रयोग तर आपल्या आचाराशीच बांधलेला आहे. दाटीवाटीत बसताना शेजाऱ्याला पाय लागला, तर आपण हात लावून नमस्कार करतो. वाक्यात पाय सरकलेला असतो, ‘मी’ नव्हे. तरीही नमस्कार ‘मी’च करतो. व्याकरणाने ज्या जबाबदारीतून सोडवले, ती आचाराने परत घेतली आहे. ‘मी पाय लावला’ असे म्हटले, तर मात्र नमस्काराने भागणार नाही.

‘मन’ हा अवयव नव्हे, परंतु भाषा त्याला अवयवासारखेच वागवते. अभ्यास न करणारा मुलगा ‘माझे मन लागत नाही’ असे म्हणतो आणि त्याचे वडील ‘अभ्यासाला लाग’ असे म्हणतात. मुलाच्या वाक्यात मन सरकावयास तयार नाही. तो स्वतः केवळ त्या मनाचा मालक आहे. वडिलांच्या वाक्यात मनाचा उल्लेखच नाही. दोघे एकच क्रियापद वापरून दोन निराळ्या बाजू मांडीत असतात.

नामच नसलेला ‘लागणे’चा एक प्रयोग येथेच नोंदवला पाहिजे. पडलेल्या मुलाला आई ‘कुठं लागलं?’ असे विचारते. ‘लागलं’ हे नपुंसकलिंगी एकवचन आहे आणि त्याला प्रथमान्त पद नाही. काय लागले हे सांगण्याची गरज नसते. जागा तेवढी विचारावयाची असते. मुलानेही ‘गुडघ्याला’ एवढेच सांगितले म्हणजे पुरते. ‘दगड लागला’ असे तो म्हणाला, तर दगडाला मारून त्याचे रडे थांबवता येते. ज्याला शिक्षा करावयाची तो प्रथमेत हवा, हे मुलालाही ठाऊक असते.

५

आता व्याकरणाच्या वाट्याला गेलेले शकल पाहू. ‘मी जाऊ लागलो’ आणि ‘मला जावे लागले’ ही दोन रूपे शाळेत निरनिराळ्या पाठांत शिकवली जातात. एक आरंभदर्शक, दुसरे आवश्यकतादर्शक. पण ‘नादी लागला’ आणि ‘नाद लागला’ यांच्याशेजारी ती ठेवून पाहावी. ‘मी जाऊ लागलो’ : मी प्रथमेत आहे आणि सरकून ‘जाण्या’ला चिकटलो आहे. ‘तो कामाला लागला’ व ‘तो काम करू लागला’ ही वाक्ये अर्थाने इतकी जवळ आहेत, ती याचमुळे. ‘मला जावे लागले’ : येथे ‘जावे’ हे नपुंसकलिंगी एकवचनी रूप प्रथमान्त नामाच्या जागी आहे, आणि तहानेप्रमाणे ते मला येऊन चिकटले आहे. ‘मला पोथी वाचावी लागली’, ‘मला गोष्टी सांगाव्या लागल्या’ येथे क्रियापद पोथीचे आणि गोष्टींचे लिंगवचन घेते. ‘मी’शी त्याचा मेळ कधीच बसत नाही. सक्तीच्या वाक्यात माणूस पुन्हा फलाटच होतो.

शेजारच्या हिंदीशी तुलना केली म्हणजे मराठीचे वैशिष्ट्य उठून दिसते. हिंदीतही प्यास ‘लगती’ है, आणि तेथेही माणूस जाने ‘लगता’ है. परंतु सक्ती आली की हिंदी धातू बदलते : ‘मुझे जाना पड़ा’. हिंदीत कर्तव्य वरून अंगावर पडते; मराठीत ते बाजूने येऊन चिकटते. मराठीनेही ‘भाग पडणे’ राखून ठेवले आहे, पण ते अधिक जड प्रसंगी. रोजची सक्ती मराठी माणसाला भुकेसारखी लागते. यावरून स्वभावाविषयी अनुमाने काढण्याचा मोह टाळलेला बरा. एवढे मात्र म्हणता येईल, की ‘लाग’ धातूची व्याप्ती मराठीत हिंदीपेक्षा एका पावलाने अधिक आहे.

ही व्याप्ती जुनी आहे. संतवाङ्मयातील ‘लागी’, ‘लागोनि’ ही ‘साठी’, ‘प्रत’ अशा अर्थाची शब्दयोगी अव्यये याच धातूची. कोंकणीत ‘ताका लागून’ म्हणजे ‘त्यामुळे’. खुद्द ‘-ला’ हा विभक्तिप्रत्ययदेखील ‘लाग’पासून निघाला, असे एक मत भाषेच्या इतिहासकारांत आहे. ते वादग्रस्त आहे व येथे त्यावर काही उभारलेले नाही. ते खरे ठरले, तर ‘मला लागले’ या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येतो, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

६

नियमाला अडचणी आहेत. ‘चोर पोलिसांच्या हाती लागला’, ‘कुटुंब देशोधडीला लागले’, ‘तो भिकेला लागला’ या वाक्यांत माणूस प्रथमेत आहे, पण इच्छा त्याची नाही. ‘देशोधडीला लाग’ हा आज्ञार्थ होतो, पण तो शाप असतो. तेव्हा ‘प्रथमेत असलेला माणूस दोषी’ असा सरळ नियम करता येणार नाही. सरकणारा प्रथमेत असतो, एवढेच खरे. तो आपल्या पायांनी सरकला की ढकलला गेला, हे त्या जागेच्या अर्थावरून ठरते. कामाला, नादी, तोंडी, मागे या जागा माणूस निवडू शकतो. देशोधड कोणी निवडत नाही. तरीही ‘त्याच्यावर भीक मागण्याची पाळी आली’ आणि ‘तो भिकेला लागला’ यांत दुसरे वाक्य किंचित निष्ठुर वाटते. माणूस प्रथमेत आला, की दोषाची सावली थोडी तरी पडतेच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हे मत आहे, सिद्धान्त नव्हे.

याच्या उलट टोकाला कचेरीचे मराठी आहे. ‘निर्णयास विलंब लागला’, ‘कामास पाच वर्षे लागली’ अशा वाक्यांत सरकणारा विलंब असतो, सरकणारी वर्षे असतात. निर्णय आणि काम नुसती बसून असतात, आणि ज्यांनी विलंब केला ते वाक्यात कोठेच नसतात. ‘आग लागली’ आणि ‘आग लावली’ यांतील अंतर तर बातमी लिहिणारा आणि पंचनामा करणारा दोघेही नीट जाणतात.

‘लावणे’ या प्रयोजकाने हा सर्व खेळ अधिक उघड होतो. ‘लागणे’च्या वाक्यात जो अदृश्य होता, तो ‘लावणे’त येऊन उभा राहतो : दिवा लागला, आईने दिवा लावला, नाट लागला, शेजाऱ्याने नाट लावला. वाट लागली म्हणताना कोणी लावली हे गुलदस्तात राहते. ‘वाट लावली’ म्हटले की नाव घ्यावे लागते. या ‘वाट लावणे’चा मूळचा अर्थ मार्गी लावून संपवणे हा असावा, ‘विल्हेवाट लावणे’त तो अजून शिल्लक आहे.

७

आता सुधाकराकडे परत येता येईल. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले; त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी निवर्तले होते. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयातील प्रसंगातून त्याची सनद काही काळ रद्द होते, आणि त्या अपमानाच्या घटकेस तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला करतो. येथे ‘तळीरामाने नादी लावले’ हे वाक्य योग्यच आहे. पण ते पहिल्या प्याल्यापुरते. पुढे सनद परत मिळण्याचा प्रश्नच मागे पडून पिणे उरते, तेथे ‘नाद लागला’ हे वाक्य अधिक खरे आहे. तोपर्यंत दारू हीच सरकणारी शक्ती झालेली असते. आणि सोडण्याचा निश्चय करून सुधाकर जेव्हा पुन्हा प्याल्याकडे वळतो, तेथे ‘नादी लागला’ म्हणावे की ‘नाद लागला होता’ म्हणावे, हाच तर या शोकांतिकेचा प्रश्न आहे. तिन्ही वाक्ये नाटकात आहेत. मात्र त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. एकाच वाक्याने सबंध नाटक उरकणारे उत्तर, मग ते तळीरामाला खलनायक करणारे असो की सुधाकराला दुबळा ठरवणारे असो, गडकऱ्यांनी केलेली गुंतागुंत सोडवीत नाही; ती कापून टाकते.

हा केवळ समीक्षेचा प्रश्न नाही. ‘लाग’पासूनच झालेले ‘लागण’ हे नाम आपण साथीच्या रोगासाठी वापरतो. ‘नाद लागला’, ‘व्यसन लागले’ ही वाक्ये व्यसनाला त्या लागणीच्या रांगेत बसवतात. ‘नादी लागला’ हे वाक्य त्याला वर्तनाच्या रांगेत बसवते. १९८६ साली पुण्यात अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हा विचार मराठी समाजात पुष्कळ पसरला. भाषेत त्या विचाराला जागा आधीपासून होती, आणि त्याच्या विरुद्ध विचारालाही. कुटुंबातला माणूस आपल्या मुलाविषयी ‘त्याला नाद लागला’ म्हणतो आणि शेजाऱ्याच्या मुलाविषयी ‘तो नादी लागला’ म्हणतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

८

इंग्रजीत ‘लागणे’ला शोभेल असा सोयरा शोधावयाचा, तर ‘टेक’ किंवा ‘पुट’पेक्षा ‘गेट’ अधिक जवळचा आहे. नोकरी लागणे म्हणजे ‘गेट अ जॉब’. लागणे, दुखापत होणे म्हणजे ‘गेट हर्ट’. हाती लागणे म्हणजे ‘गेट होल्ड ऑफ’. कामाला लागणे म्हणजे ‘गेट डाउन टु वर्क’. चालू लागणे म्हणजे ‘गेट गोइंग’. वाईट संगतीला लागणे म्हणजे ‘गेट इनटु बॅड कंपनी’. आणि जावे लागणे म्हणजे ‘हॅव गॉट टु गो’. प्राप्ती, इजा, आरंभ, सक्ती या चारही अंगांनी दोन परक्या धातूंची अशी जोडी जमावी, हे आश्चर्यकारक आहे.

फरक आहे तो माणसाच्या जागेत. वरील सर्व इंग्रजी वाक्यांत माणूस कर्त्याच्या आसनावर पक्का बसलेला असतो. ‘आय गॉट हर्ट’ आणि ‘आय गॉट टु वर्क’ यांत ‘आय’ तोच. कोण सरकले हे पुढच्या शब्दांवरून कळते. मराठीत माणूस आसन सोडून कधी ‘मला’ होतो, कधी ‘मी’ राहतो. म्हणजे इंग्रजी जे काम क्रियापदापुढच्या अव्ययाकडून करून घेते, त्याचा एक हिस्सा मराठी क्रियापदाआधीच्या विभक्तीकडून करून घेते. ‘हात’, ‘हाती’, ‘हाताला’ यांना जे महत्त्व, तेच ‘इन’, ‘इनटु’, ‘ऑन’ यांना. आमचा विद्यार्थी यादी पाठ करताना अव्यय गाळतो किंवा बदलतो. त्याला जर प्रथम विचारले, की ‘हात लागला’च्या जागी ‘हाती लागला’ चालेल काय, तर अव्यय का गाळता येत नाही हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. शिक्षकाने हा प्रश्न फळ्यावर लिहून तासाला सुरुवात करावी, असे सुचवावेसे वाटते.

जोडी सर्वत्र जमत नाही, आणि ती जेथे तुटते ते ठिकाण बोलके आहे. ‘गेट अप’, ‘गेट अवे’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’ यांना मराठीत उठणे, निसटणे, सावरणे, भागणे अशी निराळी क्रियापदे लागतात. ‘गेट’मध्ये सरकणे मूलभूत आहे, मग ते जवळ असो की दूर. ‘लागणे’त स्पर्श मूलभूत आहे. दूर जाणाऱ्या कोणत्याही अर्थाला ‘लाग’ धातू लागत नाही.

राहता राहिले काही प्रयोग, जे वरील नियमात पूर्णपणे बसत नाहीत. ‘भाजी खारट लागते’ येथे जिभेचा उल्लेख गळला आहे असे समजून वेळ मारून नेता येईल. ‘तो माझा मामा लागतो’ येथे चिकटण्याची जागा षष्ठीत गेली आहे. नात्याची भाषा विभक्तीच्या बाबतीत इतरत्रही स्वतंत्र वागते, तेव्हा ते सोडून देऊ. ‘देणे लागणे’ मात्र सोडता येत नाही. ‘मी त्याचे शंभर रुपये लागतो’, ‘मी समाजाचे देणे लागतो’. येथे ‘मी’ प्रथमेत आहे, क्रियापद माझ्याशी मेळ राखते, आणि तरीही अर्थ बंधनाचा आहे. ‘मला कर द्यावा लागतो’ म्हणणारा माणूस आणि ‘मी समाजाचे देणे लागतो’ म्हणणारा माणूस दोघेही देणेकरीच. पहिल्याला देणे येऊन चिकटले आहे, दुसरा स्वतः होऊन त्याला जाऊन लागला आहे. ‘देणे’ या पदाची विभक्ती मग कोणती मानावयाची, द्वितीया की प्रथमा, आणि अकर्मक ‘लाग’ धातू येथे सकर्मक झाला काय, हा प्रश्न व्याकरणाच्या अभ्यासकांपुढे ठेवीत आहे.